घटाची माती

बंदूक माझ्या मुलाच्या छातीकडे रोखलेली होती आणि ती धरणाऱ्या म्हाताऱ्याचे हात कापत होते. ठाम हाताचा माणूस ठरवून गोळी घालतो. कापऱ्या हाताचा न ठरवताही घालून बसतो. म्हणून मी जागची हलले नाही.

तळ्यात शिरलेला लाकडी धक्का होता, मासे धरायला बसतात तसला. मुलगा त्याच्या पार टोकाला उभा होता, हातात माझी कापडी पिशवी. म्हातारा धक्क्याच्या सुरुवातीला. मी बाजूच्या उतारावर, लव्हाळ्यात. नुकतं उजाडलं होतं, पाण्यावर धुकं होतं. म्हातारा ओरडत होता, पिशवी खाली ठेव, हात दिसू देत. मुलगा इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होता की सर, मी आहे, तुमच्या शेजारचा. म्हाताऱ्याला ते ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र तो घरी विसरला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

शेजारचा म्हणजे खरोखर शेजारचा. त्याच्या आणि आमच्या घरामध्ये एक कुंपण होतं आणि ते त्यानेच दुरुस्त करून दिलेलं होतं.

पिशवी मी आणली होती. मुलगा मला परत घरी न्यायला आला होता. त्या धक्क्यावर त्याचं काहीही काम नव्हतं.

अमेरिकेतले ते दोन मनोरे पडून एक वर्ष झालं होतं. माझा मुलगा टेक्सासमध्ये, अर्विंगच्या पलीकडे एका लहान गावात राहत होता. कंपनीच्या कामावर आलेला, व्हिसावर. नवरा गेल्यावर त्याने मला बोलावून घेतलं. मी चौथी शिकलेली बाई. आमच्या यंत्रमागाच्या गावात तीस वर्षं खाणावळ चालवली. इंग्रजी मला येत नव्हतं, पण माणूस भुकेला आहे की नाही, खोटं बोलतोय की नाही, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

शेजारचा म्हातारा मोठे ट्रक चालवून निवृत्त झालेला. बायको गेलेली, मुलगी दूर कुठेतरी. घरामागे त्याने टोमॅटो लावले होते. मला पाहिलं की टोपीला हात लावून ‘मॅम’ म्हणायचा. मी कुंपणावरून त्याला थालीपीठ द्यायची, तो त्यावर टोमॅटोचं सॉस ओतून खायचा. ते बघवत नसे, पण खायचा सगळं.

त्याच्या अंगणात एक पाटी लागली होती. निवडणूक होती, काउंटीच्या, म्हणजे त्यांच्या जिल्ह्याच्या, कसल्याशा जागेची. उभा राहिलेला माणूस गाद्यांचा दुकानदार होता. सकाळी रेडिओवरही बोलायचा. म्हातारा स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून तो रेडिओ मोठ्याने लावी, त्यामुळे मलाही तो रोज ऐकू यायचा. शब्द कळत नसत. चाल कळायची. आधी हळू, मग एक विनोद, मग थांबायचं, मग एकदम चढायचं. ही चाल मी आमच्या गावच्या चौकात चांगली ऐकलेली होती.

नवरात्र आलं तसा मी घट बसवायचं काढलं. सून म्हणाली बसवा, पण माती दुकानातून आणू, पिशवीत मिळते. मी त्या पिशवीला हात लावून पाहिला. भुसा होता तो. त्यात गहू काय उगवणार. मी कुंपणापाशी गेले आणि म्हाताऱ्याला खुणेने माती मागितली. त्याने टोमॅटोच्या वाफ्यातली बादलीभर काढून दिली. काळीभोर, आपल्याकडच्या कापसाच्या रानासारखी. पण त्यात अंड्याची टरफलं होती. खत म्हणून तो ती चुरून टाकायचा. देवीच्या घटात अंडं कसं चालेल? मी ओट्याशी बसून टरफलं वेचली. दिसली तेवढी काढली. म्हातारा कुंपणाला टेकून बघत होता. मी का वेचतेय ते त्याला कळेना, आणि मला सांगता येईना. तो हसला आणि आत गेला.

घट बसला. गहू चांगले उगवले.

पाचव्या माळेच्या दिवशी म्हाताऱ्याने मुलाला सभेला बोलावलं. तुम्हीही या भागात राहता, तुम्हीही ऐकायला हवं, असं म्हणाला. आपल्या गाडीतून घेऊन जातो म्हणाला. मुलाला जायचं नव्हतं, पण नाही म्हणणं बरं दिसेना. मीही निघाले. सून म्हणाली, “आई, तुम्हाला एक शब्द कळणार नाही.” मी म्हटलं, सभेत शब्द ऐकायला कोण जातं.

शाळेचा मोठा हॉल होता. खुर्च्या भरलेल्या. आमच्यासारखे आम्ही दोघेच. गादीवाला उंच, गोरा, हसरा माणूस होता, बाह्या दुमडलेल्या. मुलगा माझ्या कानात थोडं थोडं सांगत होता. तुमच्या नोकऱ्या गेल्या, कुणी नेल्या? टाळ्या. शहरातले शिकलेले लोक तुम्हाला हसतात. टाळ्या. विरोधी पक्षवाले निवडून आले तर सगळी दारं उघडी टाकतील आणि मग तुमच्या पोराबाळांना कुणी वाचवायचं नाही. यावर लोक उभे राहिले. मुलाने पुढचं सांगणं बंद केलं.

मग त्या माणसाने हातात रबरी मोजे घातले. टेबलाखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि दोन बोटांनी वर धरली. आत नारळ होता. शेंडी असलेला, हळदीकुंकवाचे पट्टे असलेला, लाल दोरा गुंडाळलेला. अर्धवट धुतलेला.

तो माझा नारळ होता. गणपतीतला कलशावरचा. मी फिरायला जाते म्हणून सांगून निर्माल्यासोबत तळ्यात सोडला होता.

गादीवाला म्हणाला, हा आपल्या तळ्यात तरंगताना सापडला. आपण जे पाणी पितो त्या तळ्यात. मी म्हणत नाही की यात विष आहे. मी फक्त विचारतो, हा कुणी टाकला, आणि कशासाठी?

मुलाने हे मात्र मला सांगितलं आणि पुढे, ओठ न हलवता, विचारलं, “आई, हा आपला आहे का?”

“नाही,” मी म्हटलं.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसता एक आवाज झाला, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या लेकीला मांडीवर ओढून घेतलं. म्हातारा टाळ्या वाजवत नव्हता, तो त्या नारळाकडे बघत होता. भ्याला होता तो. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. आमच्या गावी एकदा असाच एक पुढारी आला होता. साखर का मिळत नाही, रॉकेल का मिळत नाही, तुमच्या पोरांना मागावर काम का मिळत नाही, तर हे उत्तरेकडचे येऊन बसले म्हणून. माझ्या खाणावळीत तेव्हा बाराजण उत्तरेकडचेच जेवत होते. तरी मी टाळ्या वाजवल्या. रॉकेलच्या रांगेत मी त्या दिवशी चार तास उभी होते आणि कुणीतरी मला कारण सांगत होतं. तिसऱ्या दिवशी त्या बाराजणांतला एक डोकं फुटलेलं घेऊन आला, आपल्या नेहमीच्या जागेवर बसला आणि भात मागितला. मी वाढला. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या मुलखाला निघून गेला. त्यामुळे त्या हॉलमधली माणसं मला राक्षस वाटली नाहीत. माझ्यासारखीच वाटली. म्हणूनच मला जास्त धास्ती वाटली.

परत येताना गाडीत म्हातारा मुलाला म्हणाला, “तुम्ही मनावर घेऊ नका. तो तुमच्यासारख्यांबद्दल बोलत नाही.”

मुलगा थँक यू म्हणाला. त्याने मला अर्थ सांगितला तेव्हा मी विचारलं, मग कुणाबद्दल बोलतो? तो म्हणाला, “आई, आता गप्प बस.”

दुसऱ्या दिवसापासून तळ्यावर राखण सुरू झाली. गादीवाल्याच्या माणसांनी यादी केली होती. निवृत्त म्हातारे, दोघे-तिघे मिळून, नारिंगी जाकिटं घालून, कॉफीचे थर्मास घेऊन. आमचा शेजारी पहिल्या दिवसापासून त्यात होता. त्याचं चालणं बदललं. इतके दिवस तो टोमॅटोपासून टपालपेटीपर्यंत चालायचा, आता त्याला जायला एक ठिकाण होतं. हरणं मारायची त्याची जुनी बंदूक त्याने पुसून गाडीत ठेवली.

मी नारळाचं खरं तेव्हाही सांगितलं नाही. मुलाला सांगितलं असतं तर तो भ्याला असता आणि सावध झाला असता. मी सांगितलं नाही कारण मला बोलणी खायची नव्हती. दुसरं काही कारण नाही.

नवव्या दिवशी घटाच्या मातीचं काय करायचं यावरून घरात वाद झाला. सून म्हणाली, गार्बेजमध्ये टाकू. मी म्हटलं, नऊ दिवस ज्याच्यापुढे दिवा लावला तो कचऱ्यात? ती म्हणाली, “अहो आई, ते प्यायच्या पाण्याचं तळं आहे, नदीचा घाट नाही.” मुलगा म्हणाला, “आई, प्लीज. सध्या वातावरण बघ. मी स्वतः टाकतो, पाप मला लागू दे.”

“घट माझा, पाप तुला कसं लागेल?” मी म्हटलं, आणि विषय संपला असं त्यांना वाटू दिलं.

दसऱ्याच्या पहाटे मी घट उठवला. माती, गव्हाचे पिवळे कोंब, सुकलेल्या माळा, मातीचं गाडगं, सगळं पिशवीत भरलं आणि निघाले. साडी, वर मुलाचा स्वेटर, पायात त्यानेच आणलेले पांढरे बूट. राखणवाले गाड्या लावायच्या जागेपाशी बसतात हे मला ठाऊक होतं. मी मागच्या पायवाटेने गेले. खाणावळ चालवणाऱ्या बाईला म्युनिसिपालिटीची माणसं कुठे बसतात आणि कुठून जाता येतं हे कळतं. ती अक्कल मी तिथे वापरली.

धक्क्याच्या टोकाला पिशवी ठेवली. चालून आल्यामुळे लघवी लागली होती. म्हणून खाली लव्हाळ्यात गेले. त्या तळ्याला माझ्याकडून काही घाण झाली असेल तर ती तेवढीच.

तेवढ्यात मुलगा आला. मी घरात नाही हे पाहून तो गाडी घेऊन निघाला होता. मी दिसले नाही, पिशवी दिसली. तो धावत धक्क्याच्या टोकाला गेला, त्याने पिशवी उचलली आणि मला हाक मारली. ती पाण्यात टाकायला नव्हे, परत न्यायला उचलली होती. पण धुक्यातून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? एक काळासावळा माणूस, वाकलेला, पाण्याच्या कडेला, हातात जड पिशवी.

मग म्हातारा आला आणि बंदूक वर झाली.

मी लव्हाळ्यातून बाहेर निघाले. हात वर करायचे असतात हे मला माहीत नव्हतं. मी नेसण सावरत चढले आणि धक्क्यावर आले. म्हाताऱ्याने मला पाहिलं. स्वेटर ओळखला, बूट ओळखले, मग मला ओळखलं, आणि माझ्यावरून मुलाला ओळखलं. मला वाटलं, संपलं. आता टोपीला हात लावेल.

हात टोपीकडे गेला नाही. बंदूक होती तिथेच राहिली.

तो म्हणाला, “म्हणजे तुम्हीच होता.”

अनोळखी माणूस म्हणून रोखलेली बंदूक ओळख पटल्यावर खाली यायला हवी. त्याची आली नाही. आम्ही त्याला फसवलं असं त्याला वाटलं होतं. थालीपीठ देऊन फसवलं. त्याच्या तोंडावर मला ते दिसत होतं, आणि नारळापुरतं ते खरंही होतं.

“पिशवीत काय आहे?” त्याने विचारलं.

“माती,” मुलगा मोठ्याने म्हणाला.

“कसली माती?”

घट म्हणजे काय हे बंदुकीसमोर उभं राहून इंग्रजीत कसं सांगायचं? तो “पूजा, सर, पूजा” एवढंच म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी म्हाताऱ्याचा खांदा थोडा वर जात होता.

मी मुलापर्यंत चालत गेले. त्याच्या हातातून पिशवी ओढली आणि फळ्यांवर पालथी केली. गाडगं फुटलं. माळा पसरल्या. काळी माती, पिवळे कोंब आणि मातीत पांढरे ठिपके. म्हातारा एक पाऊल मागे गेला. त्या वर्षी पांढऱ्या रंगाला लोक फार भ्यायचे. आदल्या वर्षी टपालातून आलेल्या विषारी भुकटीच्या बातम्या सगळ्यांनी ऐकल्या होत्या.

मी खाली बसले. मूठभर कोंब मुळांतल्या मातीसकट उचलले आणि तोंडात घातले. चावले. दातांत खडे करकरले. गिळलं. मग झेंडूची दोन वाळकी फुलं खाल्ली. कडू जहर होती. मुलगा मागून “आई, आई” म्हणत होता. मी म्हाताऱ्याकडे बघत चावत राहिले. विष असतं तर मी खाल्लं नसतं, एवढं तर त्याला कळेल.

कळलं की नाही कोण जाणे. बंदूक तशीच.

मग मातीतला एक पांढरा तुकडा माझ्या बोटांना लागला. टरफल. वेचताना राहिलेलं. मी ते उचलून त्याच्यापुढे धरलं.

“एग,” मी म्हटलं. “युवर एग. युवर टोमॅटो.”

त्याला ऐकू आलं नाही. मी उठले, बंदुकीच्या नळीच्या बाजूने गेले आणि ते टरफल त्याच्या डोळ्यांपुढे नेलं. तो बघत राहिला. टरफलाकडे, मग फळ्यांवरच्या मातीकडे. मग तो पुढे आला, एका गुडघ्यावर बसला आणि चिमूटभर माती बोटांत चोळली, बागवाले चोळतात तशी. वास घेतला. बंदूक दुसऱ्या हातात होती, ती टेकवून ठेवायला तो वळला, आणि ती उडाली.

मुलगा पडला.

मी त्याच्याकडे धावले नाही. मी नुसती बघत उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकच होतं, नारळ माझा होता, मी नाही म्हटलं होतं.

मग तो उठून बसला. गोळी त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर फळीत घुसली होती. फळीची एक ढलपी उडून पोटरीत रुतली होती. रक्त येत होतं, पण तेवढंच. तो स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत होता.

आवाज ऐकून राखणीवरचे दोघे धावत आले. एकाच्या हातात फोन होता. त्यांनी माती पाहिली, माळा पाहिल्या, आम्हाला पाहिलं. फोनवाल्याने लगेच आकडे दाबायला सुरुवात केली. पोलिसांना नव्हे, गादीवाल्याला. आम्ही आता त्या हॉलमध्ये मोजे घालून वर धरले जाणार, हे मला फोनवाल्याच्या तोंडावरूनच कळलं.

म्हातारा गुडघ्यावरच होता. तो म्हणाला, “ठेव फोन. माझ्या हातून बंदूक घसरली. हे माझे शेजारी आहेत.”

“आणि हे काय आहे?” फोनवाल्याने बुटाने माती दाखवली.

“माझ्या परसातली माती. मी दिलेली आहे. कुणाला सांगायचं तर माझं नाव सांग.”

फोनवाल्याने फोन खिशात टाकला. त्या सकाळचं सगळं इंग्रजी बोलणं मुलाने मला नंतर मराठीत सांगितलं. मी नारळाबद्दल एक खोटं बोलले होते, म्हातारा बंदुकीबद्दल अर्धं बोलला. कोण काय विचारेल याची वाट बघत कुणी थांबलं नाही.

मुलाच्या पोटरीला माझ्या पदराची पट्टी बांधली. म्हाताऱ्याने ती सगळी माती ओंजळीने पिशवीत भरली. एक कणही पाण्यात जाऊ दिला नाही. घरी आल्यावर गाडीतून उतरला आणि पिशवी टोमॅटोच्या वाफ्यात रिकामी केली. मी कुंपणाच्या अलीकडून पाहिलं. घट कुठे विसर्जित करायचा हा प्रश्न तसाही सुटला. माळा सुनेने कचऱ्यात टाकल्या. या वेळी मी आडवी आले नाही. संध्याकाळी मुलाला नारळाचं सांगितलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं.

म्हाताऱ्याने राखणीचं जाकीट परत करून टाकलं. पण अंगणातली पाटी काढली नाही. मतही गादीवाल्यालाच दिलं असणार, मी विचारलं नाही. गादीवाला निवडून आला. त्यानंतर तळ्याचं नाव कुणी काढलं नाही, नारळाचंही नाही. रेडिओवर तो आता दुसऱ्याच कुणाबद्दल बोलू लागला, लोकांची हिरवळ कापणाऱ्या, मेक्सिकोकडून आलेल्या माणसांबद्दल. चाल तीच होती. खिडकीतून मला ऐकू यायची.

पुढच्या नवरात्रात न मागता कुंपणावर बादली आली. टरफलं होतीच. मी बसून वेचली.

त्या सकाळी धक्क्यावर आम्ही तिघे होतो. म्हातारा त्यानंतर पाच वर्षं जगला आणि आपल्या अंथरुणात मेला. मुलगा आहे. मी आहे.